तीन फेज, दोन आकडे: प्राध्यापक एडिथ क्लार्क

एडिथ क्लार्क १९४७ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवायला रुजू झाल्या, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अमेरिकेत या विषयाची प्राध्यापक झालेली ही पहिलीच स्त्री. तिथवर पोचायला त्यांना आकडेमोडीत तीसेक वर्षं घालवावी लागली.

जन्म १८८३ चा, मेरीलँड राज्यातला. बाराव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. वारशानं आलेला पैसा त्यांनी व्हासार कॉलेजात गणित आणि खगोलशास्त्र शिकण्यावर खर्च केला. काही वर्षं शिक्षिका, मग १९१२ पासून एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत इंजिनिअरांची गणितं सोडवणं. १९१९ मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीत मास्टर्स केलं, तेही स्त्रियांत पहिलं. तरी इंजिनिअरची नोकरी कुणी देईना. जनरल इलेक्ट्रिकनं घेतलं, पण आकडेमोड करणाऱ्यांवर देखरेख ठेवायला. १९२१ मध्ये त्या नोकरी सोडून थेट इस्तंबूलला मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला गेल्या. परतल्यावर त्याच कंपनीनं त्यांना इंजिनिअर म्हणून नेमलं. मला यात कंपनीचं औदार्य दिसत नाही. वीजवाहिन्या लांबत चालल्या होत्या आणि ती गणितं जमणारी माणसं फारशी नसावीत.

गणितं किचकट होतीच. लांब वाहिनीत रोध (प्रवाहाला होणारा अडथळा), प्रवर्तन (प्रवाह बदलायला होणारा विरोध) आणि धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हे गुण एका जागी नसतात, तारेच्या सगळ्या लांबीवर पसरलेले असतात. त्यामुळे या टोकाचा विद्युतदाब (व्होल्टेज) ठाऊक असला तरी त्या टोकाचा साध्या गुणाकार-भागाकारानं निघत नाही, हायपरबोलिक फलनं वापरावी लागतात. क्लार्क यांनी त्यासाठी आलेखावरून उत्तर वाचता येईल असं गणकयंत्र तयार केलं. त्याचं पेटंट १९२५ मध्ये मंजूर झालं.

पण त्यांचं नाव टिकलं ते वेगळ्याच कामामुळे. शेतपंपांमुळे ‘थ्री फेज’ आपल्या गावागावात माहीत आहे. तीन तारांतले प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांच्या अंतरानं वरखाली होत राहतात. एका फेजमध्ये बिघाड झाला की तिन्हींची गुंतलेली समीकरणं एकदम सोडवावी लागत. आता न्यूट्रल, म्हणजे परतीची चौथी तार, नसेल तर तिन्ही प्रवाहांची बेरीज दर क्षणी शून्य असते, म्हणजे दोन कळले की तिसरा आपोआप कळतो. मग तीन आकडे वागवायचे कशाला? क्लार्क यांनी त्यांच्या जागी एकमेकांना काटकोनात असलेले दोन घटक घेतले, अल्फा आणि बीटा. मोटरीतलं फिरतं चुंबकीय क्षेत्र एका प्रतलात असतं आणि प्रतलातली दिशा सांगायला दोन आकडे पुरतात. बेरीज शून्य आली नाही, उदाहरणार्थ तार जमिनीला टेकली, तर जे उरतं त्यासाठी तिसरा, ‘शून्य’ घटक.

हे सगळं त्यांच्या १९४३ च्या पाठ्यपुस्तकात आलं. दुसरा खंड १९५० मध्ये, टेक्सासात शिकवत असताना. तिथं एका मुलाखतीत त्या म्हणाल्या, स्त्री इंजिनिअर म्हणून वेगळी मागणी नसते, पण चांगलं काम करणाऱ्याला ती नेहमीच असते. एमआयटीची पदवी हातात घेऊन दारोदार फिरलेल्या बाईंनी हे म्हणावं, याचं मला नवल वाटतं.

क्लार्क १९५९ मध्ये वारल्या. इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनेक कंट्रोलरमधली चिप आज तीन आकड्यांचे दोन करण्याचं हे ‘क्लार्क रूपांतर’ सेकंदाला हजारो वेळा करते. त्यानंतर लगेच येतं पार्क रूपांतर, म्हणजे तेच दोन घटक मोटरीच्या रोटरसोबत, म्हणजे फिरणाऱ्या भागासोबत, फिरवून पाहणं. ते १९२९ मध्ये मांडणारे रॉबर्ट पार्कही जनरल इलेक्ट्रिकचेच इंजिनिअर.