चित्रपटहक्कविक्री

चित्रपटाच्या निर्मितीवर झालेला खर्च वसूल व्हावा, यासाठी निर्मात्याने त्याच्या प्रदर्शनाचे, प्रक्षेपणाचे व ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रदेशवार, माध्यमवार आणि ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्यास देणे, या व्यवहाराला चित्रपटहक्कविक्री म्हणतात. भारतीय चित्रपटव्यवसायात त्यासाठी ‘राइट्स विकणे’ असा सैल शब्दप्रयोग रूढ आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात दोन भिन्न गोष्टी येतात. स्वामित्व हक्काच्या अभिहस्तांकनात हक्काची मालकीच पूर्णतः वा अंशतः बदलते. परवान्यात मालकी निर्मात्याकडे राहून केवळ वापराची मुभा मिळते. करारात ‘विक्री’ हा शब्द आहे की नाही यापेक्षा निर्मात्याने स्वतःकडे काय राखून ठेवले, हे पाहणेच अधिक योग्य ठरते.

प्रदेशवार हक्कविक्रीचा पाया म्हणजे ‘सर्किट’ अथवा ‘टेरिटरी’, म्हणजेच वितरणासाठी पाडलेला विभाग. मुंबई, दिल्ली–उत्तर प्रदेश, पूर्व पंजाब, सी. पी. बेरार (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस व बेरार, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड), सी. आय. (सेंट्रल इंडिया), राजस्थान, निजाम, म्हैसूर, बंगाल आणि परदेश अशी ही विभागणी हिंदी चित्रपटांच्या बाबतीत परिचित आहे. ती नेमकी केव्हा पक्की झाली याविषयी निश्चित विधान करणे अवघड आहे. बोलपट आल्यानंतरच्या दोन दशकांत, म्हणजे साधारणतः १९३० ते १९५० च्या दरम्यान, ती स्थिरावली असावी. सर्किटे ब्रिटिश प्रांत व संस्थाने यांच्या सीमांवरून पडली, हे सर्वसाधारण मत नावांवरून सहज पटते. १९१८ च्या चलच्चित्र कायद्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे स्वतंत्र परीक्षण मंडळे आली आणि करमणूक कर हा प्रांतांचा विषय होता (मुंबई इलाख्याचा कायदा १९२३ चा), हेही या मताला पोषक आहे. तथापि केवळ प्रशासकीय सीमांनी सर्व उलगडा होत नाही. भुसावळ हे शहर मुंबई इलाख्याच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात असूनही मध्य भारतातील वितरकांच्या व्यवसायाचे ते एक प्रमुख केंद्र बनले. नागपूरकडे आणि इटारसीकडे जाणारे लोहमार्ग तेथे फुटतात आणि चित्रपटाच्या रिळांच्या पेट्या रेल्वेनेच जात असत. म्हणून सीमा प्रांतांनी आखली व व्यवहाराची केंद्रे रेल्वेने ठरवली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या विभागणीचा एक परिणाम महाराष्ट्रापुरता विशेष आहे. निजामाचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला; पण वितरकांच्या हिशेबात तो तेलंगण व गुलबर्गा–रायचूर यांच्याबरोबर ‘निजाम’मध्येच राहिला. विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये, तर मुंबई, कोकण व पश्चिम महाराष्ट्र हे गुजरातसह मुंबई सर्किटमध्ये मोडतात; पुढे गोवाही त्यातच धरला गेला. राज्याच्या नकाशावरून कधीच पुसले गेलेले प्रांत हक्कांच्या करारनाम्यांत असे टिकून आहेत, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

हक्क देण्याचे प्रकार मुख्यतः चार आहेत. ‘आउटराइट’मध्ये एकरकमी किंमत घेऊन निर्माता पुढील नफ्यातोट्यातून मोकळा होतो. किमान हमीच्या, म्हणजे ‘एम. जी.’च्या, पद्धतीत वितरक ठरावीक रकमेची हमी देतो. चित्रपटगृहांकडून आलेल्या उत्पन्नातून त्याची हमीची रक्कम, प्रती व जाहिरातींचा खर्च आणि कमिशन वळते झाल्यावर उरणारा ‘ओव्हरफ्लो’ दोघांत ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. ‘अ‍ॅडव्हान्स’ पद्धतीत उत्पन्न कमी पडल्यास उचल परत करावी लागते, तर निव्वळ कमिशनवर वितरकाची जोखीम जवळजवळ नसते.

यांतील किमान हमीचे महत्त्व निर्मितीपूर्व भांडवलात आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा अपवाद सोडल्यास १९९८ मध्ये उद्योगाचा दर्जा जाहीर होईपर्यंत या व्यवसायाला संस्थात्मक कर्ज दुर्मीळ होते. त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील नाझ चित्रपटगृहाच्या आवारातील वितरकांच्या कचेऱ्यांत अद्याप न बनलेल्या चित्रपटाचे हक्क विकून त्याच पैशावर चित्रण पुरे केले जाई. हप्ते करारावेळी, चित्रणाच्या टप्प्यांवर आणि शेवटचा प्रती ताब्यात देताना मिळे. निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रती काढल्या जातात ती मूळ फिल्म, प्रयोगशाळेत असे आणि सावकाराचा बोजा तिच्यावर नोंदल्याचे ‘लॅब लेटर’ त्याच्या हाती असे; त्याची संमती मिळाल्याखेरीज प्रती बाहेर पडत नसत. हजार फुटांचे एक रीळ पडद्यावर अकरा मिनिटे चालते, म्हणजे पावणेतीन तासांच्या चित्रपटाला पंधरा रिळे लागत. ही रिळे भरलेल्या पत्र्याच्या पेट्या शुक्रवारच्या पहिल्या खेळापूर्वी अमरावतीला किंवा नांदेडला पोहोचणे हे अखेरच्या हप्त्यावर अवलंबून असे.

खर्चवसुलीचा हिशेब प्राप्तिकराच्या कायद्याने तपशिलात बांधला आहे. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील नियम ९-अ निर्मात्याला आणि ९-ब वितरकाला लागू केला गेला. चित्रपटाला प्रमाणपत्र मिळालेल्या वर्षातच सर्व प्रदर्शनहक्क विकले गेले, तर संपूर्ण निर्मितिखर्च त्या वर्षी वजा होतो. काही प्रदेश विकून उरलेल्या ठिकाणी निर्माता स्वतः प्रदर्शन करीत असेल, तर चित्रपट आर्थिक वर्षअखेरीपूर्वी किमान नव्वद दिवस आधी, म्हणजे साधारणतः डिसेंबरअखेरपर्यंत, प्रदर्शित झालेला असावा लागतो. तसे नसल्यास त्या वर्षी झालेल्या वसुलीपुरताच खर्च वजा मिळतो. उदाहरणार्थ, तीन कोटी रुपये खर्चाचा चित्रपट फेब्रुवारीत लागला आणि मार्चअखेर एक कोटी ऐंशी लाख हाती आले, तर उरलेले एक कोटी वीस लाख पुढील वर्षी वजा करावयाचे. प्रमाणपत्रानंतरचा जाहिरातखर्च व प्रतींचा खर्च या ‘निर्मितिखर्चा’त धरला जात नाही आणि शासकीय अनुदान त्यातून वजा केले जाते, अनुदानावर विसंबणाऱ्या मराठी निर्मात्याने हे कलम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९५७ च्या स्वामित्व हक्क अधिनियमानुसार अभिहस्तांकन लेखी व स्वाक्षरीनिशी असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारत, असे धरले जाते. जुन्या करारांतील ‘निगेटिव्ह राइट्स’ या संज्ञेने बरेच वाद उत्पन्न केले आहेत. निगेटिव्ह ही वस्तू आहे, हक्क नव्हे. तिचा ताबा देताना दूरचित्रवाणी व उपग्रह प्रक्षेपणाचे हक्कही दिले गेले काय, हा प्रश्न ती माध्यमे आल्यावरच उभा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने, करारसमयी अस्तित्वात नसलेल्या अथवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसल्यास अभिहस्तांकन त्याला लागू होत नाही, असे ठरवले. त्याच दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनावरचा हक्क सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा हक्क निर्मात्याकडे झुकला होता.

डिजिटल प्रक्षेपणामुळे पेट्या गेल्या. सर्किटांची नावे मात्र उत्पन्नाच्या आकड्यांत अजून वापरली जातात. ऑनलाइन मंचांना दिलेल्या हक्कांत प्रदेशापेक्षा मुदत व भाषा यांना अधिक महत्त्व आलेले दिसते.

चित्रपटावरील स्वामित्व हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’ किंवा नव्याण्णव वर्षांच्या मुदतीने केलेले करार या मर्यादेपलीकडे निरर्थक ठरतात. १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या चित्रपटाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. त्यातील गीते व संगीत यांची मुदत मात्र स्वतंत्र असून ती रचनाकाराच्या मृत्यूनंतर मोजली जाते.