‘इ’ लहान, ‘आ’ मोठा? कोरियन कानांना तसं वाटत नाही

‘इ’ या स्वरातून जगातल्या प्रत्येक भाषेत लहानपणा सूचित होतो आणि ‘आ’मधून मोठेपणा, हे विधान अगदी सिद्ध नियमासारखं सांगितलं जातं. त्याचं मूळ अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपिर यांच्या 1929च्या प्रयोगात आहे. ‘मिल’ आणि ‘माल’ ही दोन टेबलांची नावं, तर मोठं कोणतं? बहुतेकांनी ‘माल’ म्हटलं. प्रयोग खराच आहे, पण त्याला जागतिक नियम करून टाकणं चूक.

कोरियन अनुकरणवाचक शब्द घ्या. लहान खडा पाण्यात पडला की ‘फोंगदांग’, मोठा धोंडा पडला की ‘फुंगदॉंग’. म्हणजे ‘ओ’ आणि ‘आ’ इथे हलके, छोटे. कोरियन व्याकरणात त्यांना ‘उजळ’ स्वर म्हणतात, तर ‘उ’, ‘ऑ’ हे ‘गडद’, म्हणजे जड, मोठे, संथ. त्याहून गंमत पुढे आहे: लहान वस्तू गरगर फिरते ती ‘बॅंगुल-बॅंगुल’ आणि मोठी फिरते ती ‘बिंगुल-बिंगुल’. ‘इ’ चक्क मोठ्याच्या बाजूला!

हे नुसतं आवाजाची नक्कल करणंही नव्हे. चकाकण्याला कुठे आवाज असतो? तरी बारीक चमक ‘बानच्चाक’ आणि मोठा लखलखाट ‘बॉनच्चॉक’. व्यंजन ताणून उच्चारलं की तीव्रता वाढते, ते वेगळंच.

कोरियन एकटी अपवाद आहे असंही नाही. व्हिएतनाममधल्या बाहनार भाषेतही ‘इ’ मोठा आणि ‘आ’ लहान असल्याचं भाषाशास्त्रज्ञ जेरार्ड डिफ्लोथ यांनी 1994 मध्ये दाखवलं होतं.