बेस गिटारवरील स्केल, मोड आणि टॅब : पार्श्वभूमी

बेस गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्यासमोर स्केल (क्रमाने चढणारी-उतरणारी स्वरांची मालिका), मोड (कोणत्या स्वरावर विसावायचे यावरून ओळखली जाणारी स्वरमाला) आणि टॅब (तार व पडदा आकड्यांनी दाखवणारी लेखनपद्धती) या तिन्ही गोष्टी पहिल्या काही आठवड्यांतच एकत्र येऊन ठाकतात, त्यामुळे त्या मुळातच एकमेकींसाठी घडल्या असाव्यात असा समज सहज होतो. प्रत्यक्षात टॅब ही ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या वादकांची सोय, मोड ही चर्चमधील गायनाची वर्गवारी आणि स्केल वाजवताना बोटे ठेवण्याची रीत ही डबल बेस (उभे धरून वाजवायचे खर्जाचे मोठे तंतुवाद्य) व गिटार या दोन वाद्यांकडून आलेली सवय. बेसच्या दांडीवर त्यांची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

यांपैकी टॅबचा छापील इतिहास १५०७ पासून सांगता येतो. त्या वर्षी व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुची याने फ्रांचेस्को स्पिनाचिनो याच्या ल्यूटरचना छापल्या. सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जागा, रेघेवरील आकडा म्हणजे पडदा आणि शून्य म्हणजे मोकळी तार, ही पद्धत आजच्या विद्यार्थ्यालाही पाहताक्षणी कळेल. फरक एवढाच की त्या इटालियन पद्धतीत सर्वांत खर्जाची तार वरच्या रेघेवर असे. वाद्य मांडीवर घेतले की जाड तार वरच येते, त्यामुळे ही मांडणी वादकाला स्वाभाविक वाटत असणार. आजच्या टॅबमध्ये जाड तार खाली असते. ही मांडणीही नवी नाही. स्पेनमध्ये लुईस दे मिलान याने १५३६ मध्ये व्हिउएला या वाद्यासाठी छापलेल्या ग्रंथात ती आहे. मात्र या दोन्ही पद्धतींत आकड्यांच्या वर लयीची चिन्हे असत. कोणता स्वर किती काळ धरायचा हे त्यांवरून कळे, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

मोडची कथा याहून जुनी आणि बरीच गुंतागुंतीची आहे. डोरियन, फ्रिजियन, लिडियन ही नावे प्राचीन ग्रीक असली, तरी मध्ययुगीन युरोपातील पंडितांनी ती वेगळ्याच स्वरमालांना लावली. म्हणजे आजच्या डोरियनचा ग्रीकांच्या डोरियनशी नावापुरताच संबंध उरतो. चर्चच्या गायनात आठ मोड मानले जात, आणि गाणे कोणत्या स्वरावर विसावते व किती वर-खाली फिरते यावरून त्यांची ओळख ठरे. स्विस विद्वान हाइनरिख ग्लारेआनुस याने १५४७ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही संख्या बारा केली आणि एओलियन व आयोनियन यांना त्यांत जागा दिली. आज लोक्रियन म्हणतात त्या स्वरमालेला त्याने बाराच्या बाहेर ठेवले, कारण तिच्या आधारस्वराला शुद्ध पंचमच मिळत नाही.

मराठी वाचकाला येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि एओलियन म्हणजे आसावरी, असे सहा थाट स्वरांच्या हिशेबाने जुळतात. हे साम्य स्वरांपुरतेच धरावे. थाट म्हणजे राग नव्हे, तसा मोड म्हणजेही राग नव्हे.

टॅब आणि मोड या दोन वाटा जेथे मिळाल्या ते वाद्य तुलनेने अगदी तरुण आहे. सिएटलच्या पॉल टटमार्क याने १९३० च्या दशकातच पडदे असलेला विजेवरचा बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस बाजारात आला आणि चित्र बदलले. ई, ए, डी, जी ही तारांची जुळणी डबल बेसचीच होती. पडद्यांमुळे स्वर नेमका लागे आणि गिटारवादकालाही हे वाद्य हाताळता येई. तारेची लांबी ३४ इंच असल्याने पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरते. एका पडद्याला एक बोट ही गिटारची रीत तेथे हाताला ताण देते, म्हणून खालच्या पडद्यांवर अनेक शिक्षक डबल बेसची जुनी रीत शिकवतात, जिच्यात तिसरे व चौथे बोट मिळून एकच काम करतात.

मोड बेसवादकाच्या रोजच्या रियाजात आले ते जॅझमुळे. जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल याने १९५३ मध्ये लिडियनवर आधारलेला आपला सिद्धांत मांडला, आणि १९५९ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’ या रचनेने मोडवर उभे राहणारे संगीत घराघरांत पोचवले. तिची मुख्य धून पॉल चेंबर्स डबल बेसवर वाजवतो, हा योगायोग बेसवाल्यांना सुखावणारा आहे. तिच्या बत्तीस मापांपैकी (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) पहिली सोळा डी डोरियनमध्ये, पुढची आठ अर्ध्या स्वराने वर आणि शेवटची आठ पुन्हा डीवर. बेस गिटारवर डी डोरियन ए तारेच्या ५, ७, ८, डी तारेच्या ५, ७ आणि जी तारेच्या ४, ५, ७ या पडद्यांवर सापडतो. मधल्या आठ मापांसाठी हीच आकृती एक पडदा वर सरकवली की झाले. मोडचा एवढा मोठा इतिहास बोटांखाली अशा आठ ठिपक्यांच्या नकाशात मावतो. शिकवण्याच्या दृष्टीने ते फार सोयीचे; पण कोणत्या स्वरावर विसावायचे हे तो नकाशा सांगत नाही, आणि मोड तर त्या विसाव्यानेच ठरतो.

टॅबचे पुनरागमन रॉक संगीताबरोबर झाले. १९८० च्या दशकात अमेरिकी गिटार मासिके स्वरलिपी वर आणि टॅब खाली अशी जोडओळ छापू लागली, म्हणजे लय वरच्या ओळीतून मिळे आणि जागा खालच्या. इंटरनेटवर साध्या टंकलिखित अक्षरांत टॅब फिरू लागले तेव्हा वरची ओळ गळाली. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह’ या संग्रहात अशा हजारो नोंदी जमल्या. स्वामित्वहक्काच्या वादातून तो २००६ मध्ये बंद पडला. त्या टॅबमध्ये आडव्या रेघांवर आकडे असत, पण कोणता आकडा किती मात्रांचा हे वाजवणाऱ्याने मूळ ध्वनिमुद्रण ऐकून ठरवायचे. गिटारच्या एखाद्या तानेला हे चालून गेले असेल. ड्रमच्या ठेक्याशी बांधलेल्या बेसला मात्र ती उणीव फारच जाचक होती, असे माझे मत आहे.

१९९७ मध्ये आलेल्या ‘गिटार प्रो’ या संगणक प्रणालीने ही उणीव बरीच भरून काढली. तिच्यात प्रत्येक आकड्याला कालमूल्य द्यावेच लागते, आणि मापातील मात्रा कमी-जास्त झाल्या तर ते माप लाल रंगात दिसते.