गरिंचाची दारू फुटबॉलच्या आधीपासूनची

दरवर्षी २० जानेवारी जवळ आली की आमच्या बेळगाव कॅम्पातल्या फुटबॉलवाल्या पोरांच्या स्टेटसला गरिंचाचा फोटो येतो, ब्राझीलचा पिवळा शर्ट, वाकडे पाय, आणि खाली ठरलेलं वाक्य की एवढा मोठा प्लेअर पण दारूनं घालवला. मला ते वाक्य दरवेळी टोचतं. खोटं काही नाही त्यात, १९८३ ला त्याच तारखेला तो रिओत गेला, लिव्हर खलास झालेलं, वय फक्त ४९. पण ते वाचलं की असं वाटतं आधी खेळ होता, मग नाव झालं, पैसा आला, आणि मग डोक्यात हवा जाऊन दारू आली. तसं नाही ते. त्याच्या घरात दारू फुटबॉलच्या आधी होती.

खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म १९३३ चा, रिओ राज्यातल्या पॉ ग्रांदे नावाच्या गावात. ज्यांनी गोकाक फॉल्स बघितलाय, तिथली ब्रिटिश काळातली सूतगिरणी आणि गिरणीच्या जिवावर उभी राहिलेली वस्ती बघितलीय, त्यांना हे गाव डोळ्यासमोर आणायला वेळ लागणार नाही. कापडगिरणी, गिरणीचीच घरं, आणि फुटबॉल टीम पण गिरणीचीच. बाप गिरणीत वॉचमन, आणि पक्का पिणारा. पोरगं १४ व्या वर्षी त्याच गिरणीत लागलं. कामात लक्ष शून्य, पण टीमला तो पाहिजे होता म्हणून सांभाळून घेतला.

दारू कुठली, तर काशासा. उसाच्या रसाची असते ती. आपल्या चिकोडी, अथणी, हुक्केरीकडच्या माणसाला उसापासून दारूपर्यंतचा रस्ता वेगळा सांगायला नको, गळीत हंगामात कारखान्याजवळून गेलं तरी मळीचा वास नाकात बसतो. तिकडं तान्ह्या पोरांना मध घालून काशासा चाटवायची जुनी रीत होती. कुणाला हे ऐकून धक्का बसत असेल तर आपल्या घरात विचारा, बाळाची छाती भरली की चमच्यात ब्रँडी आपल्याकडं पण द्यायचे, माझ्या आजीनं मला दिलेली आहे आणि तिला ते औषधच वाटत होतं. आणि सरायीची, म्हणजे गावठी दारूची पाकिटं आठवतात का, दातानं कोपरा फाडून तिथंच उभ्या उभ्या तोंडात ओतायचे, कर्नाटकात २००७ ला बंद झाली ती. तोवर ज्यांचं बालपण गेलं त्यांना सकाळी रस्त्याकडेला पडलेली ती रिकामी पाकिटं माहीत आहेत. गरिंचा अशा गावातला होता, एवढंच मला आधी सांगायचं होतं.

आता पाय. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक पाय दुसऱ्यापेक्षा जवळजवळ ६ सेंटिमीटर आखूड. गरिंचा हे एका छोट्या तपकिरी पक्ष्याचं नाव, घरातल्यांनीच ठेवलेलं. १९५३ ला बोताफोगो क्लबात ट्रायलला गेला तर समोर निल्टन सांतोस, ब्राझीलच्या टीमचा डिफेंडर. ह्या पोरानं त्याला असा नाचवला की निल्टननंच क्लबला सांगितलं, ह्याला घ्या, दुसऱ्या टीममध्ये जाऊन हा माझ्यासमोर यायला नको.

१९५८ च्या वर्ल्डकपला पहिल्या दोन मॅच बसवून ठेवला. तिसऱ्या मॅचला रशियासमोर उतरवला, त्याच मॅचला १७ वर्षांचा पेले पण पहिल्यांदा वर्ल्डकपमध्ये खेळला, आणि सुरुवातीच्या तीन मिनिटांत ह्याचा बॉल पोस्टला, मग ब्राझीलचा गोल. फायनलला स्वीडनला ५-२. तो आणि पेले एकत्र खेळले त्यातली एकही मॅच ब्राझील हरलं नाही. १९६२ ला पेले दुसऱ्याच मॅचला जखमी झाला, तेव्हा सगळं ह्याच्या अंगावर आलं आणि ह्यानं ते ओढून नेलं, इंग्लंडला दोन गोल, सेमीला चिलीला दोन गोल, आणि त्याच मॅचला बाहेर काढला गेला तरी फायनल खेळायची परवानगी मिळाली. माझ्या मते एका माणसानं एकट्यानं जिंकून दिलेला वर्ल्डकप म्हणायचा तर पहिला हाच. इंग्लंडच्या मॅचला ग्राउंडवर एक कुत्रं घुसलं होतं, ते नंतर हाच घरी घेऊन गेला.

आणि हा माणूस वर्ल्डकप जिंकून परत पॉ ग्रांदेलाच जायचा. जुन्या दोस्तांबरोबर खेळायला आणि प्यायला. क्लबच्या कोऱ्या करारावर सही करायचा, आकडा नंतर तेच भरायचे. गुडघे झिजले होते, तरी इंजेक्शन मारून उतरवायचे. इथंच मला राग येतो. दुखतंय म्हणून इंजेक्शन देणारे, जिंकलास म्हणून ग्लास भरणारे, सगळे त्याच्यावर जीव टाकणारेच होते की.

आमच्या गल्लीत एक राईट आऊट होता, म्हणजे गरिंचासारखाच उजव्या कडेनं पुढं खेळणारा. नाव नको. गुडघ्याला क्रेप बँडेज, वरून मलम चोळलेलं, त्याचा वास लांबूनच यायचा. बेळगावात, खानापुरात, एकदा कोल्हापूरला पण खेळून आला. फायनल मारली की पोरं खांद्यावर घ्यायची, गळ्यात नोटांचा हार, आणि रात्री पार्टी, नाहीतर चोर्ला घाटातून सरळ गोवा. दहा वर्षांत त्याला कधी बिल द्यावं लागलं नाही, त्यातली दोन-तीन बिलं मी भरलीयत. त्याची आई दुकानात जाऊन सांगायची, "देऊ नका ओ त्याला." दुकानवाला हो म्हणायचा.

गरिंचाचं पुढचं पटापट सांगतो, सांगवत नाही. १९६६ ला हंगेरीकडून ३-१ हार, त्याच्या उपस्थितीत ब्राझील हरलेली ती एकमेव मॅच आणि ब्राझीलसाठी त्याची शेवटची पण. १९६९ ला तो गाडी चालवत असताना अपघात झाला, त्यात त्याच्याबरोबर राहणारी गायिका एल्झा सोआरेस हिची आई गेली. १९७३ ला रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये निरोपाची मॅच, लाखाच्या वर माणसं. १९८० च्या कार्निव्हलला त्याला एका रथावर बसवून मिरवला, आजूबाजूला सगळी नाचतायत आणि हा सुन्न बसलेला, कुठं आहे ते पण कळत नसावं. तीन वर्षांनी गेला. बॉडी माराकानात ठेवली, मग गावाकडं नेली, रस्त्यावर माणसंच माणसं. थडग्यावर लिहिलंय की लोकांचा आनंद होता तो इथं झोपलाय.

तो रथ वाचल्यापासून डोक्यातून जात नव्हता, आणि मागच्या टूर्नामेंटला आमच्या त्या राईट आऊटला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, फोटो. हात थरथरत होते म्हणून नारळ मीच धरला. खाली उतरला तर दोघंजण बाईक चालू करून तयार, "चल की रे, बसूया, आज तुझा दिवस आहे." मी म्हटलं आज नको, आणि त्याला माझ्या गाडीवर घातला. वाटेत एक शब्द बोलला नाही. घरासमोर उतरला, शाल घडी करून माझ्याकडं दिली, आईला तूच दे म्हणाला. ती दारातच उभी होती.