पैसे संपले तरी घर सुटणार नाही: ‘केंडल’ची पार्श्वभूमी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या केनेट स्क्वेअरजवळ १९७३ साली ‘केंडल ॲट लाँगवुड’ सुरू झालं. चालवणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. तिथे राहायला येणाऱ्या ज्येष्ठांशी त्यांनी केलेला करार थोडक्यात असा: आज धडधाकट आहात तोवर स्वतंत्र घरात राहा, उद्या अंथरुणाला खिळलात तर इथल्याच शुश्रूषा विभागात सांभाळू, आणि आजारपण वाढलं म्हणून दरमहाची रक्कम वाढवणार नाही. सुरुवातीला एकरकमी प्रवेशशुल्क भरायचं, मग महिन्याला ठरलेले पैसे.

असा शब्द देणारे ते पहिले नव्हते. चर्चच्या जुन्या संस्था वृद्धांची सगळी मालमत्ता नावावर करून घेत आणि मरेपर्यंत त्यांना सांभाळत. ‘घर माझ्या नावावर करा, मी बघतो तुमचं’ हा व्यवहार आपल्याकडेही घरोघरी झालेला आहे, त्याचं पुढे काय होतं हे सांगायला नको. तिकडे घोटाळा हेतूपेक्षा गणितात व्हायचा. वेळेवर जेवण, हाताशी डॉक्टर आणि सोबतीला माणसं मिळाली की लोक अंदाजापेक्षा जास्त जगतात. कॅलिफोर्नियातली मेथडिस्ट चर्चशी जोडलेली ‘पॅसिफिक होम्स’ ही संस्था नव्यांच्या प्रवेशशुल्कातून जुन्यांचा खर्च भागवत राहिली. भिशीत नवे सभासद येईनासे झाले की जे होतं तेच झालं आणि १९७७ मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. रहिवाशांनी थेट चर्चला कोर्टात खेचलं. १९८० च्या अखेरीस सुमारे २ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यानंतर एकेका राज्याने अशा करारांसाठी कायदे केले. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९८४ चा. हिशेब उघड करा, राखीव निधी ठेवा, ही त्यातली मुख्य अट.

मग क्वेकर मंडळी या फंदात का पडली? १९६५ मध्ये मेडिकेअर हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आला. दवाखान्याचा खर्च आणि त्यानंतरची थोडे दिवसांची शुश्रूषा त्यात बसत होती, पण वर्षानुवर्षं कोणी अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं बसत नव्हतं. त्यासाठी मेडिकेड ही दुसरी सरकारी योजना होती, पण ती गरिबांसाठी. म्हणजे निवृत्त शिक्षकाने आधी आयुष्याची पुंजी नर्सिंग होममध्ये घालवायची आणि निष्कांचन झाल्यावर सरकारकडे हात पसरायचा. ही फट भरून काढायला १९६७ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या ग्विनेडला क्वेकरांनी ‘फाउल्कवेज’ उभं केलं. केंडल त्याच्या पुढचं पाऊल.

माझ्या मते मात्र खरी कलाटणी आयकर खात्याच्या एका कागदाने दिली. तोपर्यंत वृद्धांची संस्था धर्मादाय म्हणवून घ्यायची तर गरिबांना खर्चापेक्षा कमी दरात ठेवणं जवळजवळ सक्तीचं होतं. १९७२ च्या निर्णयात खात्याने मान्य केलं की म्हातारपण हीच एक अडचण आहे, हातात पैसे असले तरी. निवारा, आरोग्यसेवा आणि आर्थिक निर्धास्तपणा या तिन्ही गरजा भागवणाऱ्या संस्थेला करमाफी मिळेल. मात्र पुढे ज्यांची पैसे भरायची ऐपत उरणार नाही, त्यांनाही शक्यतो ठेवून घेण्याची बांधिलकी हवी, आणि दर परवडेल तितके कमी हवेत. पुढच्याच वर्षी केंडलचं दार उघडलं.

केंडलचं नाव सर्वदूर झालं ते वेगळ्याच कारणाने. त्या काळी अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये वृद्धांना खुर्चीला किंवा पलंगाला पट्ट्यांनी बांधून ठेवणं सर्रास चाले. पडू नयेत म्हणून, असं सांगत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दहांतले साधारण चार जण असे बांधलेले असत. केंडलने पहिल्या दिवसापासून कुणालाच बांधलं नाही. बांधून घातलेल्या माणसाचे स्नायू झडतात, पाठीला जखमा होतात, तो सुटायची धडपड करतो आणि त्यातच जबर लागतं, हे त्यांनी अनुभवाने मांडलं. १९८७ च्या कायद्याने विनाकारण बांधण्यावर बंदी घातली. १९८९ च्या डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये याच विषयावर परिसंवाद झाला, त्यामागे केंडलचा पुढाकार होता. आज अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये बांधलेला वृद्ध क्वचित दिसतो.

विस्तार संथ झाला. १९७७ मध्ये शेजारीच ‘क्रॉसलँड्स’, मग १९९० च्या दशकात हॅनोव्हर, ओबर्लिन, इथाका. कॉलेजांची गावं निवडली, कारण निवृत्त प्राध्यापक तिथे आयतेच होते आणि व्याख्यानांना तोटा नव्हता. अणुभौतिकीतले नोबेल विजेते हान्स बेथे इथाकाच्या केंडलमध्ये राहत. १९९९ मध्ये नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी शेजाऱ्यांसाठी क्वांटम सिद्धांतावर तीन व्याख्यानं दिली. श्रोतेही त्यांच्याच वयाचे! ओबर्लिनला आवारातच लहान मुलांचं केंद्र आहे. अलीकडे तर सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन बौद्ध केंद्राबरोबर कॅलिफोर्नियात ‘एन्सो व्हिलेज’ झालं.

टीका होते ती पैशावरून, आणि ती रास्त आहे. प्रवेशशुल्क लाखो डॉलरांत जातं, त्यामुळे राहतं घर विकल्याशिवाय ते बहुतेकांना जमत नाही. आत घेण्यापूर्वी तब्येत आणि मिळकत दोन्ही तपासतात, नाहीतर पॅसिफिक होम्सची पुनरावृत्ती व्हायची. आतल्या एखाद्याचे पैसे स्वतःचा दोष नसताना संपले तर देणग्यांच्या निधीतून त्याचा खर्च चालतो. भाड्याच्या घरात आयुष्य काढलेल्या कामगाराला मात्र अजूनही मेडिकेडच्या रांगेतच उभं राहावं लागतं.