स्प्रेडशीटमधील लाइव्ह डेटा फीडची वेगमोजणी

शेअर बाजाराचे भाव, यंत्रावरच्या सेन्सरची मापे किंवा वीजमीटरचे आकडे बाहेरच्या प्रोग्रामकडून थेट स्प्रेडशीटच्या सेलमध्ये येत असतात. ते आकडे किती वेळा बदलतात आणि सेलमध्ये दिसेपर्यंत किती शिळे झालेले असतात, हे तपासण्याची पद्धत म्हणजे वेगमोजणी. पुणे परिसरात तिची गरज मुख्यतः दोन ठिकाणी पडते: मुंबईच्या बाजारांचे भाव एक्सेलमध्ये घेऊन सौदे करणाऱ्यांच्या टेबलावर, आणि भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवड इथल्या कारखान्यांत, जिथे यंत्रांचा डेटा एक्सेलमध्ये उतरवला जातो.

‘वेग’ या एका शब्दाखाली दोन वेगळी मापे येतात. पहिले वारंवारतेचे: सेकंदाला किती बदल आले. दुसरे विलंबाचे: उगमापाशी आकडा तयार झाल्यापासून तो सेलमध्ये येईपर्यंत किती काळ गेला. सेकंदाला दहा बदल देणारी फीड तीन सेकंद मागे असू शकते, आणि मिनिटाला एकच आकडा पाठवणारी फीड तो आकडा ५० मिलिसेकंदांत पोहोचवू शकते. ‘फीड स्लो आहे’ या तक्रारीत यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे ठरवल्याशिवाय पुढची कोणतीही मोजणी उपयोगाची नाही.

आकडा सेलपर्यंत कसा येतो

जुना मार्ग डीडीईचा, म्हणजे डायनॅमिक डेटा एक्स्चेंजचा. तो १९८७ पासून विंडोजमध्ये आहे. दोन प्रोग्राम विंडोजच्या संदेशांच्या रांगेतून एकमेकांशी बोलतात. आजही काही जुन्या ट्रेडिंग टर्मिनलांचे आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक) सॉफ्टवेअरचे आकडे याच वाटेने येतात. दुसरा मार्ग आरटीडीचा, म्हणजे रिअल टाइम डेटा फंक्शनचा. तो एक्सेल २००२ पासून मिळाला. आरटीडीत फीडचा प्रोग्राम आकडा सेलमध्ये ढकलत नाही. ‘नवीन काही आले आहे’ एवढाच निरोप तो एक्सेलला देतो आणि एक्सेल सवड मिळाली की स्वतः आकडे मागून घेते. एक्सेल मागेपर्यंत त्या विषयाची (म्हणजे सेलने मागितलेल्या एका आकड्याची) पाच नवी मूल्ये येऊन गेली असतील, तर साधारणपणे हाती शेवटचेच लागते आणि मधली चार शीटवर कधीच दिसत नाहीत. म्हणून शीटवर मोजलेली बदलांची संख्या ही फीडची खरी संख्या नव्हे, ती फार तर खालची मर्यादा असते.

सवड म्हणजे किती, हे थ्रॉटल इंटरव्हल, म्हणजे दोन उचलींमधले किमान अंतर, ठरवतो. एक्सेलमध्ये त्याचे मूळ मूल्य २००० मिलिसेकंद, म्हणजे दोन सेकंद असते. एक्सेलमधली फीड संथ वाटते तेव्हा सर्वांत आधी इथेच पाहावे. बदल कोणत्याही क्षणी येत असतील, तर या एका सेटिंगमुळे सरासरी एक सेकंद आणि जास्तीत जास्त दोन सेकंद उशीर होतो. त्यापुढे इंटरनेटचा उशीर किरकोळ ठरतो. पुणे-मुंबई अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ वाट धरली तर एका बाजूचा प्रवास एका मिलिसेकंदाच्या आतला. प्रत्यक्षात राउटर आणि वळणे यांमुळे तो काही पटींनी वाढतो, तरी दोन सेकंदांच्या जवळपासही जात नाही. इंटरनेटची लाइन बदलून भाव लवकर येत नाहीत, ते बहुतेक वेळा यामुळेच.

थ्रॉटल पाहण्यासाठी ऑल्ट आणि एफ११ दाबून व्हीबीए (एक्सेलमधली मॅक्रो लिहिण्याची भाषा) उघडावे, कंट्रोल आणि जी दाबून इमिजिएट विंडो घ्यावी आणि ॲप्लिकेशनच्या आरटीडी ऑब्जेक्टचा थ्रॉटल इंटरव्हल छापून पाहावा. शून्य ठेवल्यास एक्सेल प्रत्येक संधीला आकडे उचलते. उणे एक ठेवल्यास आपण सांगेपर्यंत उचलतच नाही. हे मूल्य फाइलमध्ये साठत नाही, त्या वापरकर्त्याच्या विंडोज रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या नोंदवहीत) साठते. त्यामुळे एका संगणकावर पळणारी शीट पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेली की पुन्हा दोन सेकंदांवर येते, आणि दोष फाइलला दिला जातो. शून्य हा मोजणीपुरता चांगला आकडा आहे. रोजच्या जड शीटवर तो ठेवला तर एक्सेल सतत गणित करत बसते आणि सेलमध्ये टाइप करणेही अवघड होते. कामकाजासाठी २०० ते ५०० मिलिसेकंद बहुतेकांना पुरतात.

घड्याळे

नाऊ फंक्शन फीडच्या शेजारच्या सेलमध्ये टाकून वेळ नोंदवण्याची पद्धत फार रुळली आहे, आणि ती चुकीची आहे. नाऊ प्रत्येक फेरगणितात बदलते. त्यामुळे ते ‘हा आकडा कधी आला’ हे सांगत नाही, ‘शीटवर शेवटचे गणित कधी झाले’ एवढेच सांगते. पन्नास शेअरांपैकी एकाचा भाव हलला तरी पन्नासही ओळींतली वेळ ताजी दिसते.

व्हीबीएमधले नाऊ पूर्ण सेकंदच देते, म्हणून ते इथे निरुपयोगी. टायमर हे फंक्शन मध्यरात्रीपासूनचे सेकंद अपूर्णांकासह देते, पण सिंगल प्रकारच्या, म्हणजे मोजक्याच अंकांची अचूकता ठेवणाऱ्या, संख्येत. सकाळी ९ वाजून ६ मिनिटांपासून संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांपर्यंत त्या संख्येची पायरी १/२५६ सेकंद, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद असते, त्यानंतर ती दुप्पट होते. शिवाय विंडोजचे साधे घड्याळ सामान्यतः १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्याने पुढे सरकते. मध्यरात्री टायमर शून्यावर येतो, त्यामुळे तिसऱ्या पाळीच्या नोंदीत उणे फरक दिसतात.

नेमक्या मोजणीसाठी विंडोजचा क्वेरी परफॉर्मन्स काउंटर (बारीक ठोके मोजणारा वेळमोजक) वापरावा. विंडोज १० आणि पुढच्या बहुतेक संगणकांवर तो सेकंदाला एक कोटी ठोके मोजतो. व्हीबीएमध्ये तो करन्सी प्रकारच्या चलात घ्यावा. करन्सी संख्या दहा हजारांनी भागलेली दिसते, पण काउंटर आणि त्याची वारंवारता दोन्ही तशाच असल्याने भागाकारात ते आपोआप जुळते.

मोजणी

कोऱ्या वर्कबुकमध्ये एकच आरटीडी सेल घ्यावी आणि बाकी सर्व फाइली बंद कराव्यात. गणित ऑटोमॅटिकवर असावे. मॅन्युअलवर आरटीडीचे सेल आपणहून बदलत नाहीत. बाजाराची फीड असेल तर चालू महिन्याच्या निफ्टी फ्युचरसारखा भरपूर उलाढालीचा सौदा निवडावा आणि ९:१५ ते ३:३० या वेळेत मोजावे. सुरुवातीची पाच मिनिटे आणि दुपारचा शांत काळ यांची मापे एकत्र करू नयेत, त्यांची सरासरी कोणत्याच वेळेला लागू पडत नाही.

सेलमध्ये भाव घेऊ नये, दिवसभराचे एकूण व्हॉल्यूम घ्यावे. सलग चार सौदे एकाच भावाला झाले तर भावाची सेल हलत नाही आणि मोजणीत चारही सौदे हरवतात. व्हॉल्यूम प्रत्येक सौद्याला वाढते.

नोंद घेण्यासाठी शीटची कॅल्क्युलेट घटना वापरावी. चेंज ही घटना हाताने केलेल्या बदलांसाठी आहे, सूत्राचे उत्तर बदलल्यावर ती चालत नाही. नव्याने शिकणाऱ्यांचा अर्धा दिवस इथेच जातो. कॅल्क्युलेटमध्ये आधीच्या मूल्याशी तुलना करावी आणि फरक असेल तर काउंटरचा आकडा मेमरीतल्या ॲरेमध्ये (मूल्यांच्या यादीत) लिहावा. तो सेलमध्ये लिहू नये. त्या लिहिण्यानेच नवे गणित सुरू होऊ शकते, आणि मग मोजणीचा भार मापातच मिसळतो. पाच मिनिटांनी सगळा ॲरे एकदम शीटवर उतरवावा, लगतच्या नोंदींतले फरक काढावेत आणि त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला फरक), ९५वा शतमक (ज्याच्या आत ९५ टक्के फरक येतात तो) व कमाल फरक पाहावा. नुसती सरासरी फसवते: ०.१ सेकंदाचे ९५ फरक आणि १० सेकंदांचे ५ फरक यांची सरासरी ०.५९५ सेकंद येते, आणि तसा फरक प्रत्यक्षात एकही नसतो.

फीड पुरवणारा प्रोग्राम संदेशाचा अनुक्रमांक देत असेल तर तोही वेगळा विषय म्हणून घ्यावा. अनुक्रमांक १०० वरून थेट १०७ वर गेला तर मधली सहा मूल्ये शीटवर आली नाहीत हे निश्चित कळते.

विलंब मोजताना दोन घड्याळांची वजाबाकी असते, म्हणून त्यांच्यातली चूकही उत्तरात येते. मोजणीआधी विंडोज टाइम सेवेने घड्याळ जुळवून घ्यावे. काळाचा आरंभबिंदूही तपासावा: युनिक्स वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात, एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) प्रक्षेपण संदेशातले सेकंद १ जानेवारी १९८० पासूनचे असतात. एक्सेलमध्ये या तारखांचे क्रमांक अनुक्रमे २५५६९ आणि २९२२१ आहेत. युनिक्स सेकंदांत भारतीय वेळेसाठी १९,८०० मिळवून ८६,४०० ने भागावे आणि २५५६९ मिळवावेत. विलंब बरोबर साडेपाच तासांचा किंवा दहा वर्षांचा निघाला, तर चूक इथे आहे. ‘शेवटच्या सौद्याची वेळ’ म्हणजे संदेश निघाल्याची वेळ नव्हे हेही ध्यानात ठेवावे. ज्या शेअरमध्ये मिनिटभर सौदाच झाला नाही, त्याची फीड ताजी असूनही मिनिटभर शिळी दिसते. आणि उगमाची वेळ पूर्ण सेकंदांत कापलेली असेल, तर विलंब सरासरी अर्ध्या सेकंदाने जास्त येतो.

घड्याळांचा वाद टाळायचा असेल तर त्याच संगणकावर एक छोटा आरटीडी सर्व्हर चालवून त्याच्याकडून काउंटरचा आकडाच मूल्य म्हणून पाठवावा. पाठवणी आणि पोच एकाच घड्याळावर येतात, आणि फक्त एक्सेलचा उशीर वेगळा कळतो.

फरकांचा अर्थ

बहुतेक फरक दोन सेकंदांभोवती साचले असतील तर थ्रॉटल. पूर्ण सेकंदांच्या पटीत असतील तर फीडच सेकंदाला एक आकडा पाठवते आहे, एक्सेलमध्ये काही करून ती वाढणार नाही. १५.६ मिलिसेकंदांच्या पायऱ्या दिसल्या तर आपण घड्याळाचा ठोका मोजत आहोत. अधूनमधून पाच-दहा सेकंदांचे खिंडार पडत असेल तर त्या वेळी कोणी सेलमध्ये टाइप करत होते का किंवा एखादा संदेशाचा चौकोन उघडा राहिला होता का हे पाहावे. सेल संपादनात असताना एक्सेल आकडे उचलत नाही.

कोऱ्या फाइलमध्ये फीड ठीक आणि रोजच्या फाइलमध्ये संथ, असे झाले तर कारण फेरगणित. आरटीडीचा प्रत्येक बदल गणित सुरू करतो आणि नाऊ, टुडे, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट ही फंक्शने व त्यांच्यावर अवलंबून असलेली सगळी सूत्रे दर वेळी नव्याने सोडवली जातात. शीटचे एक गणित ८०० मिलिसेकंद घेत असेल तर थ्रॉटल शून्य करूनही सेकंदाला दोन बदल दिसणार नाहीत. ऑफसेट आणि इनडायरेक्टच्या जागी इंडेक्स वापरल्यास हा भार बहुधा कमी होतो.

कारखान्यातली फीड

इथे मर्यादा अनेकदा वायरवरच असते. मीटर जोडणाऱ्या आरएस-४८५ या तारेच्या लाइनवर ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिटांनी) मॉडबस आरटीयू हा संवादाचा नियमसंच चालतो तेव्हा एका बाइटला ११ बिट लागतात. दहा रजिस्टर (मीटरमधल्या आकडे साठवण्याच्या जागा) वाचण्यासाठी ८ बाइटांची विचारणा आणि २५ बाइटांचे उत्तर, अधिक दोन्हींमागची साडेतीन अक्षरांची शांतता, मिळून सुमारे ४६ मिलिसेकंद होतात. एका लाइनवर २० मीटर असतील तर एका फेरीला ०.९ सेकंदापेक्षा जास्त वेळ, आणि मीटरांचा स्वतःचा उत्तर द्यायचा वेळ त्याहून वेगळा. बॉड रेट १९,२०० केला की वायरवरचा वेळ निम्मा होतो. एखादा मीटर बंद पडलेला असेल तर दर फेरीत त्याच्या उत्तराची वाट टाइमआउट संपेपर्यंत पाहिली जाते आणि सगळी फीड मंदावते; असा मीटर यादीतून काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

ओपीसी सर्व्हरमध्ये (यंत्रांचा डेटा इतर प्रोग्रामना पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अपडेट रेट आणि डेडबँड ही दोन सेटिंगे पाहावीत. डेडबँडपेक्षा लहान बदल पाठवलेच जात नाहीत. या भागात गुरुवार ही बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, आणि उभ्या यंत्रावर तापमान-दाब हलत नसल्याने त्या दिवशीची वारंवारता जवळपास शून्य येते. चाचणी यंत्र भरात चालू असतानाच घ्यावी.

गूगल शीट्स

गूगल फायनान्स फंक्शनचे भाव २० मिनिटांपर्यंत उशिरा येऊ शकतात आणि इम्पोर्ट डेटा, इम्पोर्ट एक्सएमएल यांसारखी फंक्शने साधारण तासाने ताजी होतात, त्यामुळे तिथे मिलिसेकंदांची मोजणी गैरलागू आहे. एक्सेलमधली पॉवर क्वेरीही आपोआप ताजी होताना एका मिनिटाच्या खाली जात नाही.

पुरवठादाराकडे तक्रार करताना थ्रॉटलचे मूल्य, एक्सेलची आवृत्ती, मोजणीची तारीख व वेळ, निवडलेला सौदा किंवा टॅग (यंत्रावरच्या मापाचे नाव), कोऱ्या फाइलमधला मध्यक व ९५वा शतमक आणि हरवलेले अनुक्रमांक एवढे द्यावे. सोबत मूळ नोंदींची फाइल जोडावी, म्हणजे त्यांना आपल्या सर्व्हरच्या नोंदींशी ती ओळीला ओळ लावून पाहता येते.