कागद मागे घ्यायचा की पेटी कापायची? दोन रकान्यांच्या पानाची पार्श्वभूमी

मजकुरात आज्ञा पेरून पान जुळवणाऱ्या प्रणालींपैकी ट्रॉफ आणि टेक या दोन सगळ्यात टिकाऊ ठरल्या. गंमत अशी की 'रकाना' ही वस्तू दोघींनाही मुळात ठाऊक नव्हती. दोन्हीकडे रकाने नंतर, जुगाड करून, उभे केले गेले. आज काम करताना जे अडते, त्यातले बरेचसे त्या जुगाडातून आले आहे.

ट्रॉफ हे बेल लॅब्जमधल्या जो ओसाना यांचे काम. समोर ग्राफिक सिस्टिम्सचे सीएटी हे फोटोटाइपसेटर, म्हणजे प्रकाशाने अक्षरे उमटवणारे यंत्र होते. त्याची आडवी अचूकता एका इंचाला 432 टप्पे आणि उभी 144. ट्रॉफ मजकूर ओळीओळीने भरते आणि भरलेली ओळ पुढे पाठवून देते; पान हातात धरून ठेवत नाही. मग दुसरा रकाना कुठून आणायचा? ओसाना यांच्या ऑक्टोबर 1976 च्या पुस्तिकेत त्यासाठी वेगळी आज्ञाच नाही, कृती आहे. पानाच्या वरच्या मॅक्रोत, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या आज्ञांच्या गठ्ठ्यात, रकान्यांचा मोजणीअंक शून्यावर आणायचा आणि 'एमके' या आज्ञेने उभ्या जागेवर खूण करायची. पानाच्या तळाशी सापळा, म्हणजे ठरलेल्या जागी मॅक्रो आपोआप चालवणारी खूण, लावलेला असतो. ओळ तिथे पोचली की तळाचा मॅक्रो मोजणी एकाने वाढवतो. दुसरा रकाना बाकी असेल तर 'पीओ'ने डावा समास 3.4 इंच उजवीकडे सरकवतो आणि 'आरटी'ने पुन्हा खुणेपर्यंत वर जातो. बाकी नसेल तर समास जागेवर आणून पान उलटतो. ओळीची लांबी 3.1 इंच, मधली फट 0.3, दोन रकाने मिळून बरोबर 6.5 इंच, म्हणजे ट्रॉफची ठरलेली ओळ.

या कृतीत हात पोळतो तो खुणेपाशी. पहिल्या पानावर शीर्षक पूर्ण रुंदीत असते. ते संपल्यावर ओळ अरुंद करताना 'एमके' पुन्हा द्यावी लागते. विसरलात तर 'आरटी' पानाच्या माथ्यावर जाते आणि दुसरा रकाना शीर्षकाच्या उजव्या अर्ध्यावर चढतो. समास परत आणायचा राहिला तर पुढचे पान उजवीकडे ढकललेलेच सुरू होते. 'आरटी'नंतर 'एनएस' देतात ती रकान्याच्या डोक्यावर येणारी मोकळी जागा गिळून टाकण्यासाठी. नाहीतर दोन्ही रकान्यांची पहिली ओळ समपातळीत येत नाही.

वर जाणे टाइपसेटरला जमायचे. पण ट्रॉफच्या टर्मिनलसाठीच्या भावंडाचा, एनरॉफचा, मजकूर ज्या टर्मिनलांवर उमटायचा, त्यांतल्या सगळ्यांना कागद उलटा ओढता येत नसे. म्हणून युनिक्समध्ये 'कॉल' नावाची गाळणी, म्हणजे मजकूर वाचून बदलून पुढे देणारा छोटा प्रोग्राम, आली: उलट्या ओळी वाचायच्या, पान आधी मनात जुळवायचे आणि वरून खाली सरळ उतरवायचे. तिच्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपानात रकाने आणि तक्ते हेच तिचे मुख्य काम सांगितले आहे.

माइक लेस्क यांच्या 'एमएस' मॅक्रोंनी हे सगळे 'टूसी' या एका शब्दात बसवले. हव्या त्या रुंदीचे, मावतील तितके रकाने हवे असतील तर 'एमसी'. पण 'वनसी'ने एका रकान्यात परतलात की पान बदलते. पाठवून दिलेल्या ओळी परत मागवून दोन रकान्यांत सारख्या वाटायची सोयच इथे नाही. 1990 मध्ये जेम्स क्लार्क यांनी ग्रॉफ लिहिले, तरी मूळ चाल तीच राहिली.

डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकने उलटी वाट धरली. इथे ओळी एका उंच पेटीत साचतात आणि 'व्हीस्प्लिट' तिचा हव्या उंचीचा तुकडा कापून देते. कागद मागे घ्यायची गरजच उरत नाही. असे असूनही लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकमधली (टेकवर उभ्या केलेल्या मॅक्रोंच्या संचातली) 'टूकॉलम' आज्ञा नवे पान सुरू करतेच, आणि शेवटच्या पानावर डावा रकाना गच्च, उजवा अर्धा रिकामा असे दृश्य सोडते.

ती खोड मोडली फ्रँक मिटेलबाख यांच्या 'मल्टिकॉल'ने, 1989 मध्ये. सुरुवातीच्या रूपात दहापर्यंत रकाने, तेही पानाच्या मध्येच सुरू किंवा बंद. मजकूर अरुंद ओळींत एकाच पेटीत साठवायचा, उंचीला रकान्यांच्या संख्येने भागायचे, पेटीची प्रत कापून बघायची. शेवटचा रकाना जास्त उंच निघाला तर उंची एक पॉइंटने (इंचाच्या सुमारे बहात्तराव्या भागाने) वाढवून पुन्हा कापायचे. कापणी शेवटी होत असल्यामुळे एखादे चित्र कोणत्या रकान्यात पडेल हे आधी कळत नाही. म्हणून एका रकान्यापुरती तरंगती चित्रे, म्हणजे जागा प्रणालीनेच शोधायची अशी चित्रे, इथे चालत नाहीत. पूर्ण रुंदीची, ज्यांच्या आज्ञेच्या नावात तारा असतो, तेवढीच चालतात. 'रकान्यातले चित्र गायब झाले' ही तक्रार येते ती यामुळेच. रकान्यांचे तळ जुळवताना परिच्छेदांमध्ये भगदाडे पडत असतील तर 'रॅग्डकॉलम्स' द्यावे. तळ थोडे वरखाली राहिलेले बरे.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट आवर्जून तपासावी. ए4 कागदावर लाटेकच्या 10 पॉइंटच्या साध्या लेखात मजकुराची रुंदी 345 पॉइंट असते. मधली 10 ची फट वजा केली की रकाना 167.5 पॉइंटचा, म्हणजे सहा सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. 'अंमलबजावणीसाठी'सारखा शब्द तिथे मोठी जागा अडवतो, म्हणून मराठीचे शब्दतोडणीचे नमुने चालू असलेच पाहिजेत. दुसरी अडचण ओळींच्या अंतराची. वरच्या ओळीतला उकार किंवा खोल जोडाक्षर आणि खालच्या ओळीतली वेलांटी-रफार एकमेकांना भिडू लागले की टेक तेवढ्याच दोन ओळी थोड्या फाकवते. एका रकान्यात हे सलग वाचताना जाणवत नाही. दोन रकाने शेजारी आले की डावीकडची शिरोरेषा उजवीकडच्या शिरोरेषेशी जुळत नाही, आणि शिरोरेषा ठळक असल्यामुळे फरक लगेच दिसतो. 10 पॉइंटच्या अक्षराला 12 चे अंतर रोमनला चालते. देवनागरीला 14 किंवा 15 देऊन बघावे, आणि शेजारच्या ओळींना पट्टी लावून तपासावे.